रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही

"हिमोग्लोबिन केलं, थायरॉईड केलं, शुगरही केली. सगळं नॉर्मल. म्हणजे मला डिप्रेशनच असणार ना?"

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात शेजारच्या वहिनींनी हे विचारलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत येईतो भाजीची पिशवी त्यांनी दोनदा पायरीवर टेकवली होती. बाकी काही सापडलं नाही म्हणून डिप्रेशन, ही वजाबाकी मात्र मला पटत नाही. डिप्रेशनची स्वतःची लक्षणं असतात, ती शोधावी लागतात. आणि वजाबाकीच करायची, तर आधी सगळं मोजलेलं तरी हवं.

लोहाचंच घ्या. शरीरातला लोहाचा साठा फेरिटिन या प्रथिनात असतो. आहारातून लोह कमी पडलं किंवा पाळीत फार रक्त गेलं की आधी हा साठा उपसला जातो, हिमोग्लोबिन अगदी शेवटी उतरतं. गंगापूर धरणाची पातळी खाली जात असते तरी नाशिकच्या नळांना पाणी येत राहतं, तसंच. नळ बघून धरणाचा अंदाज कसा येणार? 2012 साली फ्रान्समधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. हिमोग्लोबिन 12 च्या वर, पण फेरिटिन 50 च्या खाली आणि सतत थकवा, अशा 198 स्त्रिया त्यात होत्या. 12 आठवडे लोहाच्या गोळ्या घेतलेल्यांचा थकवा जवळजवळ निम्म्यावर आला. औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीनेही तो सुमारे 29 टक्क्यांनी उतरला, हेही सांगायला हवं. थकवा भारी फसवा असतो. पण याच चाचणीत उदासीच्या गुणांमध्ये दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

याच्या उलट बाजूचा पुरावा कर्करोगाच्या रुग्णांकडून मिळाला. इंटरफेरॉन-अल्फा हे औषध सुरू केलं की थोड्याच आठवड्यांत त्यांना गळाठा यायचा, उदासी मागाहून यायची. डिप्रेशनची गोळी आधीपासून दिली तेव्हा उदासी बरीच टळली, थकव्यावर मात्र तिचा फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे दोन्ही एकाच माणसात नांदत असले, तरी दोघांच्या वाटा पुष्कळशा वेगळ्या.

आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक असावं. अंगात त्राण नसणं वेगळं, पेंग येणं वेगळं, मरगळ वेगळी. दिवसा पेंग येत असेल तर रात्रीच्या घोरण्याची चौकशी करावी, कारण झोपेत श्वास अडखळणाऱ्याला आठ तास पडूनही विश्रांती मिळत नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत आलटून-पालटून रात्रपाळी करणाऱ्यांचं दुखणंही बरेचदा झोपेचंच. शाकाहारी माणसाने बी-12 बघावं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यानेही, कारण त्याने बी-12 कमी होऊ शकतं.

मरगळीचा प्रश्न निराळा. हवीशी वाटणारी गोष्ट अजून हवीशी वाटते का? दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, कशातच मन लागत नाही, पहाटे जाग येऊन छातीवर ओझं बसतं, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतं, तर ते डिप्रेशन असू शकतं, मग फेरिटिन कितीही भरलेलं असो. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर वाट बघू नये. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर त्यासाठीच आहे, मराठीतही बोलता येतं.

वहिनींना मी एवढंच विचारलं, "रविवारी भाच्यांना घेऊन मिसळ खायला जाता, ते अजून आवडतं का?"

"आवडतं हो! परवाच गेलो होतो. पण पार्किंगपासून टेबलापर्यंत चालताना धाप लागली."

पाळीचं विचारलं. जास्तच जाते म्हणाल्या, गेली दोन वर्षं. हे डॉक्टरांना सांगितलंय का? नाही. त्यांनी विचारलंच नाही.

फेरिटिन हा शब्द त्यांनी मोबाईलमध्ये लिहून घेतला. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्याने लोह कमी शोषलं जातं, असं म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. "तेवढं सोडून काही सांगा," म्हणाल्या आणि पिशवी उचलली.