जिल्ह्याबाहेर जायचंय? ई-पास कसा काढायचा, कागद कुठले लागतात आणि परत आल्यावर १४ दिवसांचं काय (सोलापूरकरांसाठी, मे २०२१ च्या कोरोना लॉकडाऊनमधलं; हे नियम तेव्हाचे, आता लागू नाहीत)

मध्यंतरी एका रात्री साडेदहाला आमच्या गल्लीतल्या एका मावशींचा फोन आला, पुण्याला हडपसरमध्ये पोरगी दिलेली, जावई ऑक्सिजनवर आणि पोरगी चार महिन्यांच्या बाळाला घेऊन एकटी घरात, "पास काढून दे की रे, सकाळी निघायचंय". मी म्हणलं मावशी कागद पाठवा, तर त्यांनी व्हॉट्सअपवर आधार कार्डाचा फोटो पाठवला तो पिवळ्या बल्बखाली काढलेला, त्यावर नाव सोडाच, फोटोतला माणूसपण ओळखू येईना. दवाखान्याचा एकपण कागद नाही. कागद गोळा करण्यात रात्रीचा एक वाजला, अर्ज सबमिट केला आणि पास दुसऱ्या दिवशी दुपारी आला. त्या मधल्या बारा-चौदा तासात त्या माऊलीनं किती वेळा फोन केला असेल मोजलं नाही मी. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, शटर बंद असलं तरी घरातून फॉर्म भरून देणं चालूय, आणि रोज त्याच त्याच चुका बघून वाटलं एकदा सगळं नीट लिहून टाकावं म्हणजे ऐन वेळेला कुणाची धावपळ होणार नाही.

आधी हे कळून घ्या की पास, म्हणजे जिल्हा ओलांडायची पोलिसांची ऑनलाइन परवानगी, कुणाला मिळतो. २२ एप्रिल २०२१ च्या रात्री ८ पासून राज्य सरकारचा जो ब्रेक द चेनचा (कोरोनाची साखळी तोडायचा) आदेश लागू झालाय (आता १ जूनच्या सकाळी ७ पर्यंत वाढवलाय) त्यात खाजगी गाडीनं एका शहरातून दुसऱ्या शहरात किंवा एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला तीनच प्रकारची कारणं आहेत. अत्यावश्यक सेवेतलं काम, वैद्यकीय इमर्जन्सी, आणि टाळता येणार नाही असा प्रसंग म्हणजे अंत्यविधी किंवा घरातल्या माणसाचं गंभीर आजारपण. बस. भाडेकरूनं घर सोडलं, गावाकडं पेरणीआधी जाऊन येतो, पोराला आजोळी सोडायचंय, ही कारणं खरी असली तरी ह्यात बसत नाहीत आणि असे अर्ज मी स्वतः भरायला नको म्हणतो, कारण रिजेक्ट होतात आणि माणूस उगं आशेवर बसतो. लग्नाचं बरेच जण विचारतात. लग्नाला २५ माणसं आणि २ तास एवढी परवानगी आहे, मोडलं तर ५० हजार दंड आहे, पण लग्नासाठी जिल्हा ओलांडायचा हे कारण म्हणून आदेशात लिहिलेलं नाही, त्यामुळं पत्रिका जोडली की पास मिळतोच असं धरून गाडी ठरवू नका.

पास कुणाला लागत नाही तेही सांगतो. डॉक्टर, नर्स, असे अत्यावश्यक सेवेतले लोक ड्युटीवर जात असतील तर ओळखपत्र दाखवून जातात. शहरातल्या शहरात दवाखान्यात, मेडिकलात जायला पास नाही, चिठ्ठी जवळ ठेवा म्हणजे झालं. रेल्वेनं येणाऱ्या-जाणाऱ्यांना स्टेशन ते घर तिकिटावर जाता येतं, तिकीट फाडून टाकू नका घरी पोचेपर्यंत.

आता अर्ज. साईट पोलिसांची आहे, कोविड१९ डॉट एमएचपोलीस डॉट इन. गेल्या वर्षी होती तीच. पण गेल्या वर्षीचा ई-पास २ सप्टेंबर २०२० ला बंद झालेला आणि आता २३ एप्रिलपासून परत चालू झालाय, त्यामुळं जुना टोकन नंबर, जुना पास काही कामाचा नाही, नवीन अर्जच करायचा. पैसे लागत नाहीत. एक रुपया पण नाही. पाचशे-हजार घेऊन "पास आणून देतो" म्हणणारे फिरतायत, त्यांचा पास नाक्यावर क्यूआर कोड स्कॅन केला की उघडा पडतो आणि मग गुन्हा पास देणाऱ्यावर नंतर, आधी तुमच्यावर.

साईट उघडली की पहिलाच प्रश्न येतो तुमचा पोलीस विभाग कुठला, आणि इथंच आपल्याकडची निम्मी गडबड होते. सोलापूर शहर वेगळं आणि सोलापूर ग्रामीण वेगळं. शहरात राहणाऱ्यानं शहर निवडायचं कारण ते पोलीस आयुक्तालयाकडं जातं, आणि बार्शी, पंढरपूर, मोहोळ, अक्कलकोट, करमाळा, सांगोला, अकलूज असलं कुठलंपण असेल तर ग्रामीण. चुकीचा निवडला तर अर्ज चुकीच्या टेबलावर जातो आणि तुम्ही इकडं वाट बघत बसता. आत्ता ज्या घरात राहताय तिथलं धरायचं, आधारवर कुठला पत्ता आहे ते नाही.

पुढं फॉर्म इंग्रजीतच भरायचा असतो. नाव, मोबाईल, कधी निघणार, कधी परत येणार, गाडीचा नंबर, सोबत किती माणसं, कुठून कुठं, आत्ताचा पत्ता कंटेनमेंट झोनमध्ये आहे का, त्याच रस्त्यानं परत येणार का. परत यायची तारीख नीट विचार करून टाका. मावशींसारखं दवाखान्याचं काम असेल तर एका दिवसात होत नाही, तरी लोक घाईत आजची नि उद्याची तारीख टाकतात आणि मग परवा भीमानगरच्या पलीकडं पुणे जिल्ह्यात अडकून मला फोन करतात. गाडीचा नंबर पण पक्का करूनच टाका, पासवर तोच छापून येतो, सकाळी भावाची गाडी नाही मिळाली म्हणून मित्राची घेतली तर तो पास त्या गाडीला चालत नाही. माणसांचं गणित असं की ड्रायव्हर अधिक गाडीच्या निम्म्या सीट, म्हणजे साध्या कारमध्ये ड्रायव्हर धरून तिघं. पाच जणं कोंबून निघाला आणि नाक्यावर धरलं तर १० हजार दंड आहे. सावळेश्वर टोलपासून पुढं कुठंपण थांबवू शकतात.

कारणाच्या रकान्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय. गेल्या वर्षी जूनमध्ये माझी मोठी बहीण लातूरला वारली. पहाटे फोन आला, मी रोज दुसऱ्यांचे फॉर्म भरणारा माणूस, पण त्या दिवशी कारणाच्या रकान्यात "डेथ" हा शब्द टाइप करायला माझा हात उठेना, मी "अर्जंट फॅमिली वर्क" लिहिलं आणि नुसतं आधार कार्ड जोडून दिलं. दुपारी रिजेक्ट. परत भरला, त्या वेळेला भाच्यानं पाठवलेला दवाखान्याचा कागद जोडला, नातं लिहिलं, तो पास मिळाला पण तोपर्यंत संध्याकाळ झालेली, मी पोचलो तेव्हा माती होऊन गेलेली. म्हणून हात जोडून सांगतो, कारण अगदी सरळ लिहा. कोण गेलं, तुमचं काय नातं, कुठल्या गावी. "सिस्टर एक्सपायर्ड, फ्युनरल अॅट लातूर" एवढं पुरतं. आजारपण असेल तर पेशंटचं नाव, नातं, कुठल्या दवाखान्यात अॅडमिट. अर्ज बघणारा माणूस शेकडो अर्ज बघतोय, त्याला तुमच्या घरातली परिस्थिती त्या एका ओळीतूनच कळणार आहे. आणि खोटं कारण टाकू नका, कारण तुमच्या खोट्यामुळं खऱ्या मयताचा अर्ज रांगेत मागं जातो.

कागद कुठले? सगळ्यांना लागतं ते आधार आणि स्वतःचा फोटो. आजारपणाला अॅडमिट पेपर किंवा डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर दवाखान्याचं नाव, तारीख, सही-शिक्का दिसला पाहिजे. मयत असेल तर मृत्यूचा दाखला एवढ्या लवकर कुणाकडंच नसतो, दवाखान्यानं दिलेला मृत्यूचा कागद चालतो, घरी गेले असतील तर तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं. नातं दाखवायला रेशन कार्डाचं पान जोडलं तर बरं पडतं, विशेषतः लग्न झालेल्या पोरींच्या बाबतीत, कारण आडनाव वेगळं असतं आणि बाप-लेक आहेत हे समोरच्याला कळत नाही.

फोटो २०० केबीच्या आत आणि कागद १ एमबीच्या आत पाहिजे, आणि सगळे कागद मिळून एकच फाईल करायची. मोबाईलनं काढलेला साधा फोटोच तीन-चार एमबीचा असतो म्हणून साईट घेत नाही आणि लोकांना वाटतं साईट बंदय. स्कॅनरचं कुठलंपण अॅप घ्या, दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ कागद सपाट ठेवून काढा, सगळी पानं एका पीडीएफमध्ये जोडून साईज कमी करा. नुसता साईज कमी करायच्या नादात अक्षरं पुसट होतात ते पण बघा, सबमिट करायच्या आधी स्वतः उघडून वाचता येतंय का बघायचं.

सबमिट झालं की टोकन नंबर येतो. तो लिहून ठेवा, भिंतीवर लिहा, काहीपण करा पण हरवू नका, कारण त्याच नंबरवर स्टेटस बघायचं आणि त्यावरच पास डाउनलोड होतो. मंजूर झाला की क्यूआर कोडसहित पास येतो, मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि प्रिंट मिळाली तर उत्तमच. स्मार्टफोनच नाही, घरात कुणाला येत नाही, तर जवळच्या पोलीस स्टेशनला जा, ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांना तिथं अर्ज भरायला मदत करायची अशी सोय ठेवलेली आहे. आमच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या कितीतरी बाया एकट्या राहतात, त्यांना हे कुणीच सांगत नाही, तुम्ही सांगा.

कर्नाटकात जाणाऱ्यांचं वेगळंय आणि सोलापुरात असं घर सापडायचं नाही जिथं इंडी, विजापूर नाहीतर गुलबर्ग्याला सोयरीक नाही. नुसत्या ई-पासवर भागत नाही, महाराष्ट्रातून जाणाऱ्याला कर्नाटक ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट मागतंय, टाकळीचा पूल ओलांडून धुळखेडला किंवा अक्कलकोटकडून हिरोळीला चेकपोस्टवर बघतात. आणि येताना आपल्या महाराष्ट्राचा नवा नियम लागतो, बाहेरच्या राज्यातून कशानंपण आलात तरी महाराष्ट्रात शिरायच्या आधीच्या ४८ तासातला निगेटिव्ह रिपोर्ट पाहिजे. म्हणजे जाताना एक टेस्ट आणि तिकडं चार दिवस राहिलात तर येताना दुसरी. हातमागावर, पॉवरलूमवर आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसाला हे किती जड जातं ते मी बघतोय, म्हणून सांगतो, खरंच एकाच्या जाण्यानं भागत असेल तर घरातला एकच जावा.

आता परत आल्यावरचं. लांब पल्ल्याच्या रेल्वेनं, एसटीनं किंवा खाजगी बसनं दुसऱ्या जिल्ह्यातून आलात तर उतरताना हातावर शिक्का मारून १४ दिवस होम क्वारंटाईन. ज्याला स्वतःलाच कोरोना झालाय आणि लक्षणं कमी आहेत, त्याचं होम आयसोलेशन वेगळं. त्याला डॉक्टरांनी तसं लिहून द्यावं लागतं, घरात वेगळी हवेशीर खोली पाहिजे, बघायला चोवीस तास एक माणूस पाहिजे, ऑक्सिजन ९४ च्या वर पाहिजे. लक्षणं सुरू झाल्यापासून किमान १० दिवस झाले आणि शेवटचे ३ दिवस ताप नसला की ते संपतं, परत टेस्ट करायची गरज नाही.

पण खरी अडचण खोलीची आहे. लातूरहून आल्यावर मी १४ दिवस राहिलो तेव्हा आमच्या दोन खोल्या, माणसं सहा. मी पुढच्या खोलीत, बाकी पाच जणं स्वयंपाकघरात झोपायचे. डाव्या हाताच्या पालथ्या बाजूला शिक्का, जांभळ्या शाईचा, स्वतःची भांडी स्वतः घासत होतो त्यामुळं पाचव्या दिवशीच तारीख पुसट झाली, तरी आईनं कॅलेंडरवर चौदाव्या दिवसाला गोल करून ठेवलेला. संडास बाहेर कॉमन, चार घरात एक. शेजारच्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मी दार उघडलं की त्यांचं दार लागायचं. ज्यांच्या घरात अशीच परिस्थिती आहे त्यांनी लपवू नका, आशाताईला नाहीतर नागरी आरोग्य केंद्रात सरळ सांगा की वेगळी खोली नाही. पॉझिटिव्ह असाल तर कोविड केअर सेंटरमध्ये सोय होते, तिथं जेवणपण मिळतं. अनेकजण सेंटरच्या भीतीनं घरात लपून राहतात आणि मग म्हातारी माणसं आजारी पडतात.

निघायच्या आधीच १४ दिवसांचं सामान भरून ठेवा, कारण किराणा सकाळी ७ ते ११ च उघडा आहे आणि तुम्हाला तर तेव्हाही बाहेर पडता येणार नाही. गॅस, बीपी-शुगरच्या गोळ्या, मोबाईलचा रिचार्ज. विडीचं पान घरी आणून वळणाऱ्या बायांनी कारखान्यात आधी सांगून ठेवा, नाहीतर शिक्का बघून माल घेत नाहीत आणि दोन आठवड्यांची मजुरी जाते वर भांडण होतं ते वेगळं.

शेवटी एक, जे मला सगळ्यात जास्त विचारतात. पेशंट अजून अॅडमिट आहे आणि पासची तारीख संपली तर काय. जुन्या पासवर निघू नका, मुदत संपलेला पास दाखवणं हा गुन्हा आहे. जिथं आहात तिथला पोलीस विभाग निवडून, तिथलाच पत्ता टाकून, परतीचा नवीन अर्ज करा, दवाखान्याचा ताजा कागद जोडा, डिस्चार्ज झाला असेल तर डिस्चार्ज कार्ड. मावशींचा पण कालच असा नवीन भरून दिला, हडपसर म्हणून पुणे शहर निवडलं, जावयाचा ऑक्सिजन काढलाय म्हणाल्या, येताना पोरगी आणि बाळ सोबत येणार आहेत म्हणून माणसांचा आकडा पण बदलून दिलाय.