बी वाळवू नका! (आणि कुंडीत उगवलेल्या ‘त्या’ रोपाबद्दल)

ऑगस्ट उजाडला की आमच्या रोपवाटिकेच्या फोनवर दोनच प्रकारचे मेसेज येतात. पहिला : ‘मँगोस्टीनच्या बिया लावून दोन महिने झाले, काहीच उगवलं नाही.’ दुसऱ्यात नुसता फोटो. कुंडी, कुंडीत दोन पानांचं रोप आणि खाली प्रश्न : ‘हे रंबुतानच ना?’ (मँगोस्टीन म्हणजे जाड जांभळ्या सालीचं, पांढऱ्या गराचं फळ; रंबुतान म्हणजे लिचीसारखं, पण केसाळ सालीचं.) उत्तरं टाइप करून करून अंगठे दुखले, म्हणून हा कागद आता रोपाच्या प्रत्येक पिशवीबरोबर देतो.

आधी न उगवलेल्या बियांचं. बी वाळवून ठेवणं ही आपल्याकडची चांगली सवय. भोपळा, दोडका, वाल, सगळं राख लावून डब्यात जातं आणि मृगात बाहेर येतं. पण आंब्याची कोय आठवा. पावसाळ्यात उकिरड्यावर टाकली की आपोआप रुजते. तीच माळ्यावर वाळवून पुढच्या वर्षी लावा, रुजते का? मँगोस्टीन, रंबुतान, फणस ही सगळी त्याच जातकुळीतली. फळातून बाहेर पडलं की त्या बीला लगेच रुजायचं असतं. अंगातलं पाणी गेलं की ते मेलं, मग कितीही भिजवा.

गेल्या वर्षी नाशिकहून एक काका आले. कुंकवाच्या डबीत मँगोस्टीनच्या सात बिया, कापसात गुंडाळून, देवघरात जपलेल्या. डबी हलवली तर खडखड वाजली. आम्ही नख लावून दाखवलं : ताज्या बीत नख रुततं, हिच्यावर ओरखडासुद्धा उठेना. फ्रिजचंही तेच. या झाडांना थंडी ठाऊक नाही, बियांनाही नाही. शीतगृहातून आलेल्या परदेशी फळाचं बी म्हणूनच अनेकदा दगा देतं. केरळचा ताजा माल मिळाला तर तो घ्या.

फळ खाल्लं त्याच दिवशी बी धुवा. गर चिकटून राहिला तर मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात. रंबुतानचा गर सहज सुटत नाही, थोडी राख किंवा जाडी वाळू घेऊन चोळा. मँगोस्टीनच्या फळात टपोरं बी एखाददुसरंच असतं, तेच लावा. चपटी, बारकी टाकून द्या. रंबुतानचं बी आडवं ठेवायचं, उभं नाही, म्हणजे खोड सरळ येतं. त्या दिवशी जमत नसेल तर ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ठेवा, पण आठवड्याच्या आत लावाच.

कुंडी उथळ नको. मँगोस्टीनचं सोटमूळ पानांच्या आधी खाली धावतं आणि त्याला बाजूची मुळं फार थोडी असतात. चहाच्या कपात उगवून मग हलवायला गेलात की मूळ दुखावतं आणि रोप तिथेच रुसतं. पहिल्यापासून फूटभर खोल पिशवी. लाल माती, पालापाचोळ्याचं खत, निचरा चांगला. देशावरच्या मंडळींनी काळी माती मुळीच वापरू नये. पहिली दोन-तीन वर्षं अर्धी सावली. बोअरचं खारट पाणी घातलं की पानांच्या कडा करपतात. तो रोग नाही, औषध फवारू नका.

आता ‘ते’ रोप. खतातून पपई, सीताफळ, टोमॅटो काहीही उगवतं, आणि कावळे-वटवाघळं देतात ते वेगळंच. फोटो पाठवण्याआधी एक करा : खोडाशेजारची माती बोटानं हळूच बाजूला सारा. मँगोस्टीन आणि रंबुतानचं बी मातीतच राहतं, रोपाच्या पायाशी चिकटलेलं सापडतं. तुम्ही लावलेलं बी तिथे नसेल तर रोपही तुमचं नाही.

त्यानंतर पान. मँगोस्टीनची पानं समोरासमोर जोडीनं येतात, जाड, चामड्यासारखी. कोकम त्याचाच भाऊबंद, दोघांनाही पिवळा चीक येतो, म्हणून घोटाळा होतो. पण कोकमाचं पान लहान आणि पातळ, फांद्याही खाली झुकलेल्या. रंबुतान आणि लिचीमध्ये लिचीची पर्णिका (एका देठावरच्या पानांतलं एकेक छोटं पान) अरुंद आणि टोकदार, तर रंबुतानची रुंद आणि बोथट. आणि कोवळ्या फणसाचं पान कधीकधी बोटं फुटल्यासारखं कातरलेलं असतं, मोठेपणी ते आपसूक अखंड होतं. ते कातरलेलं पान दाखवून ‘नीरफणस’ म्हणून रोपं विकणारेही भेटतात. खाण्याच्या नीरफणसाला बहुधा बीच नसतं, तो मुळाच्या फुटव्यांपासून करतात. बियांपासून केलेलं नीरफणसाचं रोप कुणी देत असेल तर दोनदा विचारा.

एक तक्रार नेहमीची : ‘मँगोस्टीनचं साधं रोप विकता आणि रंबुतानचं मात्र महागडं कलम गळ्यात मारता.’ तर कारण असं. मँगोस्टीनचं बी परागीभवनाशिवाय तयार होतं, त्यामुळे रोप आईसारखंच निघतं. मग कलमाचे पैसे आम्ही कशाला घ्यायचे? मात्र फळाला सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात, हे आम्ही आधीच सांगतो. रंबुतानच्या बियांतून नर झाडंही निघतात, तुम्ही सात वर्षं पाणी घालणार आणि शेवटी हाती नुसती सावली. कोकमाचंही तसंच, साधारण निम्मी रोपं नर. म्हणून या दोन्हींची आम्ही फक्त कलमं देतो. हौसेनं बी लावायचं असेल तर जरूर लावा, पुढे त्यावर कलम बांधून हवं असेल तर रोप पेन्सिलीएवढं जाड झाल्यावर घेऊन या. कलम घेतलेल्यांनी सांध्याखाली फुटलेला कोंब दिसताच खुडावा. तो खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचा असतो आणि वर चढून कलमालाच मारतो.

फोटो पाठवताना पानाची खालची बाजू, खोडाचा पाया आणि शेजारी एक रुपयाचं नाणं येऊ द्या. चार पानं फुटेपर्यंत आम्ही नाव सांगत नाही, उगाच अंदाज करून तुमचं वर्ष घालवायचं नाही. उत्तर संध्याकाळी सातनंतर येईल, दिवसा हात मातीत असतात.

हंगामात ताजं धुतलेलं बी ओल्या कोकोपीटमध्ये बांधून कुरिअरनं पाठवतो, फक्त सोमवारी आणि मंगळवारी. शनिवारी पाठवा म्हणून आग्रह करू नका. रविवारभर पार्सल गोदामात तापतं आणि मग बी मेलं की शिव्या आम्हालाच बसतात.