नोकरी धरली की कुस्ती सुटते?

‘पैलवानानं दुसरं काही करायचं नसतं. खायचं, झोपायचं, जोर-बैठका काढायच्या.’ गोव्यात फोंडा असो वा म्हापसा, पोरानं लंगोट कसला की हे ऐकवणारा एक काका निघतोच. हे चित्र संस्थानी काळातलं. खुराकाचा खर्च दरबार करायचा, म्हणून पैलवान मोकळा. दरबार गेले, समजूत राहिली.

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं आणि १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार म्हणून लागले. २०१६ ला रिओत पदक घेणारी साक्षी मलिक रेल्वेत नोकरीला होती. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वे आणि सेनादलाचे स्वतंत्र संघ उतरतात, आणि ती सगळी पगारी माणसं. अर्थात त्यांना सरावासाठी सवलत मिळते. वेर्ण्याच्या कारखान्यातल्या पोराला कोण देणार?

त्याची अडचण तासांपेक्षा झोपेची जास्त. रात्रपाळी करून सकाळी मॅटवर उतरलात तर डाव जमत नाही, खांदा मात्र जातो. त्या दिवशी सरळ घरी जाऊन झोपावं. आठवड्याला तीन-चार दिवस दीड-दीड तास पुरे. त्यातले दोन दिवस झोंबी, बाकी दोरी आणि मानेचा व्यायाम. पावसाळ्यात मॅट ओलसर राहते, गजकर्ण झपाट्यानं पसरतं. तेव्हा घामट कपड्यांतच पायलटच्या (भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या) मागे बसून घरी पळू नका, आधी अंघोळ करा.

झोंबीत सुजलेला कान मात्र साहेबाला दिसतोच. कानावर कवच घाला, नाहीतर उत्तर तयार ठेवा.