गुलाबी यीस्ट आणि दुहेरी बंधांची रांग

ऐरोलीत शेजारच्या काकूंनी परवा फ्रिजमध्ये मागे राहिलेली दह्याची वाटी दाखवली. कडेला दोन गुलाबी ठिपके. "दृष्ट लागली बाई घराला," म्हणाल्या. दृष्ट कसली, बहुधा ऱ्होडोटोरुला नावाचं यीस्ट! वाटी टाकायला लावली, पण ठिपके डोक्यातून जाईनात.

कारण हेच यीस्ट शेतीच्या टाकाऊ मालावर वाढवून रंग काढता येतो. तुर्भ्याच्या एपीएमसीत सडक्या फळांचे ढीग दिसतात, ती यीस्टच्या दृष्टीने साखरच. उसाचं चिपाड, भाताचा पेंढा यांतली साखर मात्र कुलूपबंद असते. सौम्य आम्लात उकळलं की ग्लुकोज आणि झायलोज या साखरा सुटतात. पावाचं यीस्ट झायलोजकडे ढुंकूनही पाहत नाही, हे पठ्ठं तेही खातं.

आता खरी गंमत. यीस्ट पाच-पाच कार्बनचे तुकडे जोडून वीसची साखळी करतं आणि अशा दोन जोडून चाळीसची. हा फायटोईन, चक्क रंगहीन! मग एक विकर (एन्झाइम) त्यातला हायड्रोजन काढत जातं आणि कार्बन-कार्बनमधल्या एकाआड एक दुहेरी बंधांची रांग वाढते : ३, ५, ७, ९, ११. रांग लांबली की इलेक्ट्रॉनला फिरायला जागा मिळते आणि त्याला उचलायला कमी ऊर्जेचा प्रकाश पुरतो. बासरी लांब तितका स्वर खाली, तसंच. तीनला फक्त डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषला जातो, म्हणून फायटोईन रंगहीन. अकराला निळा-हिरवा गिळला जातो आणि उरतो लाल, म्हणजे टोमॅटोतलं लायकोपीन. ऱ्होडोटोरुला तेरापर्यंत जातं, ते टोरुलिन.

नायट्रोजन संपला आणि साखर उरली, की पेशींची वाढ थांबते आणि उरलेला कार्बन तेल व रंगाकडे वळतो. चिपाडात नायट्रोजन मुळातच कमी, म्हणून ते सोयीचं. अडचणीही आहेत. आम्लात उकळताना तयार होणारं फरफ्युरल यीस्टला विषारी ठरतं, आणि रंग पेशीतल्या तेलाच्या थेंबांत असल्याने जाड पेशीभिंत फोडावी लागते. तिथेच खर्च वाढतो.

'केमिकल-फ्री नैसर्गिक रंग' असं लेबल दिसलं तर हसून घ्या. टोरुलिन हे केमिकलच. शिवाय हवेतला ऑक्सिजन हीच रांग तोडतो. ती आखूड झाली की रंग उडतो. बरणीतलं जुनं तिखट फिकं पडतं, तेही याचमुळे.