गाडी टायर का खाते?

कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभ्या असलेल्या एखाद्या ट्रकच्या पुढच्या टायरवर हात फिरवून बघा. बाहेरून आत फिरवताना नक्षी गुळगुळीत लागली आणि आतून बाहेर आणताना कंगोरे बोचले, तर त्या गाडीचं टो-इन जास्त आहे. ड्रायव्हर म्हणतात, ‘गाडी टायर खाते.’ किती खाते, याचा हिशोब सोपा आहे.

टो-इन म्हणजे पुढची दोन्ही चाकं समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं. बहुतेक ट्रकांना ते शून्य ते ३ मिलिमीटर लागतं. गाडी धावू लागली की रस्ता चाकांना मागे रेटतो, टायरॉडच्या (पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) सांध्यांतली ढील निघते आणि चाकं समांतर होतात. समजा, हे माप ६ मिलिमीटरने जास्त झालं. प्रत्येक चाकाच्या वाट्याला ३. टायरचा व्यास साधारण १ मीटर, म्हणजे दर मीटरला टायर ३ मिलिमीटर आडवा घासणार. हजार किलोमीटरच्या फेरीत ३ किलोमीटर! एवढं रबर रस्त्यावर जातं, डिझेलही जातं.

हे माप घरासमोर, सपाट जागेवर घेता येतं. आधी हवा सारखी करा. किंगपिन (ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती), बेरिंग आणि टायरॉडचे सांधे ढिले असतील तर पुढचं सगळं व्यर्थ. मग चाक जॅकवर उचला, अॅक्सलखाली भक्कम घोडी लावा (नुसत्या जॅकवर विसंबू नका), टायरला खडू फासा आणि चाक फिरवत खिळ्याने गोल रेघ ओढा. दुसऱ्या चाकालाही तसंच. गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकला. मागे ढकलली तर ढील उलट्या बाजूला जाते आणि माप फसतं. आता अॅक्सलच्या उंचीवर, चाकांच्या मागच्या बाजूला दोन रेघांमधलं अंतर घ्या. त्या जागी खूण करा, खूण समोर येईपर्यंत गाडी पुढे न्या आणि तिथेच पुन्हा मोजा. मागचं माप जितकं जास्त, तितकं टो-इन. दोन्हीकडे तीच खूण मोजल्यामुळे रिम थोडी वाकडी असली तरी फरक पडत नाही.

दुरुस्ती टायरॉडवर होते. तो अॅक्सलच्या मागे असेल तर लांब केल्यावर टो-इन वाढतं, आखूड केल्यावर कमी होतं. क्लॅम्प आवळून पुन्हा मोजा. कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, मात्र अखंड अॅक्सलमध्ये घडवलेलाच असतो. तो बिघडला तर अॅक्सल वाकला आहे, आणि ते काम घरचं नाही.