मास्टरलिस्ट (लूट)

बेथेस्डा या कंपनीच्या गेममध्ये मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल) कोणत्या क्रमाने लोड व्हावेत, हे ठरवणाऱ्या ‘लूट’ या मोफत प्रोग्रामची नियमयादी. ती स्वयंसेवक लिहितात. ‘लोड ऑर्डर ऑप्टिमायझेशन टूल’ची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ‘लूट’ हे नाव झाले. शत्रूच्या खिशातून मिळणाऱ्या मालालाही गेमर लूटच म्हणतात, आणि इंग्रजीने तो शब्द मुळात हिंदीतून उचलला आहे.

ऑब्लिव्हियन (२००६), स्कायरिम (२०११), फॉलआउट ४ (२०१५) या गेममध्ये मॉडचे बदल प्लगिन नावाच्या फाइलमध्ये ‘रेकॉर्ड’ म्हणून, म्हणजे गेममधल्या एकेका गोष्टीची नोंद म्हणून असतात. एकाच रेकॉर्डला दोन प्लगिननी हात लावला, तर नंतर लोड होणाऱ्याचे चालते, तेही अख्ख्या रेकॉर्डपुरते. एका मॉडने दुकानदाराचा चेहरा बदलला आणि दुसऱ्याने फक्त त्याचे कपडे, तरी दुसरा मागून आला की नवा चेहरा गेलाच.

लूटच्या आधीच्या ‘बॉस’ या प्रोग्राममध्ये यादी हाच क्रम असे, प्रत्येक प्लगिनला तिच्यात जागा नेमून द्यावी लागे. लूट स्वतः प्लगिन वाचतो. मास्टर फाइल (ज्यांच्यावर इतर प्लगिन अवलंबून असतात त्या) आधी घेतो, आणि रेकॉर्ड एकमेकांवर येत असतील तर साधारणपणे जास्त रेकॉर्ड बदलणारा प्लगिन आधी व कमी बदलणारा नंतर ठेवतो. त्यामुळे माणसाने नियम लिहायचा तो हा अंदाज जिथे चुकतो तिथेच. नव्याने हातभार लावणाऱ्याला नेमके हेच पचायला जड जाते: बहुतेक मॉडना क्रमाचा नियम लागतच नाही.

प्रत्येक गेमची यादी गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर वेगळी असते आणि ‘यामल’ या साध्या मजकुराच्या स्वरूपात लिहिलेली असते. (ओळी आत सरकवायला स्पेसच वापरायची, टॅब चालत नाही.) ‘हा प्लगिन त्याच्यानंतर’, ‘याला तो लागतो’, ‘या दोघांचे जमत नाही’, ‘हा अमुक गटातला’ अशा नोंदी करता येतात, आणि अमुक फाइल असेल तरच लागू, अशी अटही घालता येते. नियम आधी आपल्या संगणकावरच्या ‘यूजरलिस्ट’मध्ये, म्हणजे स्वतःपुरत्या नियमयादीत चालवून बघावा, मग पुल रिक्वेस्ट (बदल यादीत घेण्याची विनंती) पाठवावी.

फाजील नियम निरुपद्रवी नसतो. ‘अ’ हा ‘ब’नंतर, ‘ब’ हा ‘क’नंतर आणि ‘क’ पुन्हा ‘अ’नंतर असे चक्र झाले की लूट क्रम लावायचेच थांबवतो. त्यातला एखादा दुवा गटांच्या क्रमातून आलेला असला, तर तो पटकन दिसतही नाही. म्हणून कोणता रेकॉर्ड भिडतो हे ‘एक्सएडिट’ या प्लगिन उघडून बघण्याच्या प्रोग्राममध्ये बघूनच नियम लिहावा. ‘माझा मॉड सगळ्यात शेवटी ठेवा’ असे मॉडच्या लेखकाने लिहिले आहे, एवढ्यावर भागत नाही. तसे लिहिणारे दोघे निघाले की त्यातला एक खोटा पडणारच.

क्रमाशी संबंध नसलेले एक कामही याच यादीत चालते. मूळ गेमशी तंतोतंत सारखे, म्हणजे विनाकारण राहिलेले रेकॉर्ड असलेल्या प्लगिनची नोंद ‘डर्टी’ म्हणून, फाइलच्या चेकसमसकट (मजकुरावरून काढलेल्या ओळख-आकड्यासकट) करतात. लेखकाने फाइल बदलली की चेकसम बदलतो, जुनी नोंद तिला लागू होत नाही, आणि नवी फाइल कुणीतरी पुन्हा तपासावी लागते.