तुडतुड्याची नवीन जात नोंदवणं

तुडतुडा म्हणजे काय हे खानापूर-बेळगाव भागात भात करणाऱ्याला सांगायला नको. बांधावरनं चालताना गवताला पाय लागला की तांदळाच्या दाण्याएवढे हिरवे किडे तुडतुड उडतात तेच हे, शेजारचा कन्नड शेतकरी त्यालाच जिगिहुळ म्हणतो. शास्त्रात याचं कुळ सिकाडेलिडी, त्यात आजवर २० हजारांवर जातींना नावं दिलीत आणि अजून भर पडतेच आहे. आपल्या हातातल्या तुडतुड्याला आधी कुणीच नाव दिलेलं नाही याची खात्री करून त्याचं वर्णन, चित्रं आणि नवीन नाव छापून जाहीर करायचं, याला नवीन जात नोंदवणं म्हणतात. किडा सापडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग.

आधी एक घोळ मिटवूया. भातावर येणारा तपकिरी तुडतुडा या कुळातला नाहीच, त्याचं कुळ डेल्फॅसिडी, पण मराठीत दोघांना एकच शब्द पडलाय. फरक मागच्या पायात बघायचा. खऱ्या तुडतुड्याच्या पायाच्या नळीवर कंगव्यासारख्या काट्यांच्या रांगा असतात आणि तपकिरीवाल्याला त्याच जागी टोकाशी एक मोठा हलता काटा असतो. तुडतुड्याची चालही वेगळी, पानाला धक्का लागला की तो तिरका सरकत पानाच्या पाठीमागं जातो. अंगातनं तो अतिशय बारीक पोकळ गोळ्या सोडतो आणि पायांनी त्या सगळ्या अंगावर पंखावर चोपडतो, त्यामुळं पाणी आणि चिकट रस अंगाला धरत नाही. मला तर या किड्याची ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

नमुने गोळा करायला जाळीनं गवत-झुडपं झोडपायची नाहीतर रात्री पांढऱ्या कापडावर दिवा लावायचा आणि बसलेले किडे नळीनं ओढून घ्यायचे. डीएनए काढायचा असेल तर थेट अल्कोहोलमध्ये टाकायचे. बाकीचे सुकवून कागदाच्या छोट्या त्रिकोणाच्या टोकाला डिंकानं चिकटवतात आणि टाचणी त्या कागदातनं घालतात, कारण एवढ्याशा अंगातनं टाचणी घातली तर किडाच शिल्लक राहणार नाही.

खरं काम यानंतर मायक्रोस्कोपखाली. रंगावर विश्वास ठेवायचा नाही, एकाच जातीत रंग आणि ठिपके कमीजास्त होतात. बऱ्याच गटांत जात ठरते ती नराच्या जननेंद्रियावरनं. पोटाचा मागचा भाग अलगद काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के पाण्यात ठेवतात, मऊ मांस विरघळतं आणि आतली कडक तांबूस रचना उरते, मग ती धुवून ग्लिसरीनच्या थेंबात फिरवून फिरवून बघायची आणि प्रत्येक बाजूनं चित्र काढायचं. एखाद्या आकड्याचा बाक, एखादा जास्तीचा काटा, एवढ्यावर जात वेगळी निघते. बघून झालेला तो तुकडा बारक्या कुपीत घालून त्याच किड्याच्या टाचणीला अडकवायचा, तो हरवला तर नमुन्याची किंमत जवळजवळ संपलीच.

आता तुलना. भारतातल्या कितीतरी तुडतुड्यांची पहिली वर्णनं ब्रिटिश काळात डिस्टंट नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं केलीत, पण तेव्हा जननेंद्रियं बघायची पद्धतच नव्हती, त्यामुळं दोन ओळींच्या वर्णनावरनं काही कळत नाही आणि लंडनच्या म्युझियममधला मूळ नमुना बघावा लागतो. यानं काय होतं याचं उदाहरण आपल्या भाताच्या चिखलातच आहे. हिरव्या तुडतुड्याला, म्हणजे नेफोटेटिक्स व्हिरेसेन्सला, डिस्टंटनं १९०८ साली नाव दिलं तरी पुढं कितीतरी वर्षं जुन्या लिखाणात तो वेगळ्याच नावांनी फिरत राहिला. त्याचा भाऊबंद नायग्रोपिक्टस, त्याच्या डोक्यावर काळी पट्टी असते. भाताचा टुंग्रो रोग पसरवण्यात व्हिरेसेन्स पुढं आणि नायग्रोपिक्टस मागं, म्हणजे नाव चुकलं की रोगाचा हिशेबही चुकला. या गटाचं आपल्याकडचं मोठं काम बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातल्या डॉ. सी. ए. विरक्तमठ यांचं, त्यांनी भारतातल्या कितीतरी जाती पहिल्यांदा नोंदवल्यात.

नावाचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत. आधी दिलेलं नाव ग्राह्य, सुरुवात लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासनं. आजच्या नियमानं जात नवीन आहे हे स्पष्ट लिहावं लागतं आणि एक नमुना होलोटाइप म्हणून ठरवून तो कुठल्या संग्रहात ठेवलाय तेही सांगावं लागतं. पुढं कधीही वाद झाला की त्या नावाचा निकाल त्या एकाच किड्यावर. भारतात जैवविविधता कायदा २००२ प्रमाणं नवीन जातीचा नमुना ठरवून दिलेल्या संस्थेत जमा करणं बंधनकारक आहे, आणि भीमगडसारख्या अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय जाळी फिरवायचीच नाही.

होलोटाइप जिथं सापडला ते ठिकाण कायमचं जातीला चिकटतं. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळची बारापेडे गुहा अशीच जगाच्या नकाशावर गेली, तिथल्या वटवाघळाचं, ऑटोमॉप्स रॉटोनीचं, वर्णन १९१३ साली झालं आणि आजही त्याच्या नोंदीत ती गुहा येतेच. म्हणून नमुन्यासोबतच्या लेबलाचा मी एवढा आग्रह धरतो. आपल्याकडं जुन्या कागदांवर बेलगाम, आपल्या तोंडात बेळगाव आणि २०१४ पासनं सरकारी नाव बेळगावी, त्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांची नावं इंग्रजीत जो तो आपल्या मनानं लिहितो, मग शंभर वर्षांनी कुणी ती जागा शोधायची म्हटली तर कशी शोधणार? गावाचं नाव स्थानिक माणसाला विचारूनच लिहावं, सोबत अक्षांश-रेखांश, उंची, तारीख आणि कुठल्या झाडावर मिळाला तेही, कारण झाडाचं नाव नंतर आठवत नाही.

या सगळ्याला वेळ लागतो. सगळ्या प्रकारच्या जीवांचा हिशेब करून २०१२ साली एक अभ्यास छापून आला, त्यात नमुना गोळा झाल्यापासनं नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात असं निघालं. त्यात नुसती मादी सापडली असेल तर काम आणखीनच अडतं, नर मिळेपर्यंत ती डब्यात जात न लिहिलेल्या लेबलासकट तशीच थांबते.